हसले नाही म्हणून

अलाबामा, रविवार

आई,

आधी तुझ्या लेकीची घट्ट मिठी घे. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? डेट्रॉइटच्या बर्फात एकटी बाहेर पडू नकोस.

या आठवड्यात मला ज्युरीच्या बारा जणांत बसून निकाल द्यायला कोर्टात बोलावलं होतं. टेरॉन नावाच्या आपल्यातल्या एका पोरावर दरोड्याचा खटला होता. ज्युरी निवडताना आम्ही चौघं काळे होतो. सरकारी वकिलानं चौघांनाही काढून टाकलं. मी चर्चचे ठेवणीतले कपडे घालून गेले होते गं!

टेरॉनच्या वकीलबाईंनी नंतर मला कारण सांगितलं. सरकारी वकील म्हणे जज्जना म्हणाला, "ह्या बाई हसल्या नाहीत, मनात राग दिसतो." जज्जसाहेबांना ते पटलं. माझ्या शेजारी एक गोरा म्हातारा चक्क घोरत होता. त्याला ठेवलं. किळस आली मला, आई. अजून जेवण गोड लागत नाही.

घरी जाववेना, म्हणून खटला संपेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहिले. टेरॉनची आई माझ्याजवळ सरकली. म्हणाली, "तू तिथं पुढं ज्युरीत बसायला हवी होतीस, बाई." त्या बारा गोऱ्यांनी जेवणाच्या सुट्टीआधीच पोराला दोषी ठरवलं. ती रडलीसुद्धा नाही, नुसती माझा हात धरून बसली.

तू फोनवर विचारत होतीस, हल्ली कोर्टात आपल्या माणसांशी नीट बोलतात का? बोलतात हो. मला हाकलतानासुद्धा म्हणाले, "मॅडम, आपण आलात, आभारी आहोत."

जपून राहा.

तुझीच,
व्हर्डेल