टीव्ही लावू नका

बाबा,

आल्या आल्या टीव्ही लावू नका. रिमोट मी सोबत नेलाय, शोधत बसू नका.

धाकट्याची मॅच असली की तुम्ही फोन बंद करून कामावर जाता. घरी येऊन रेकॉर्डिंग बघेपर्यंत कोणी अवाक्षर काढायचं नाही, हा तुमचा नियम. दुपारपासून आम्ही फोन लावतोय. शेवटी वर्कशॉपमध्ये केला, तर तुमच्या माणसाने "मॅचचं काही सांगू नका, साहेब चिडतात" म्हणत माझं ऐकायच्या आत ठेवून दिला.

जिन्यात शेजारचे काका भेटले असतील, मान खाली घालून बाजूला झाले असतील. तुम्हाला वाटलं असेल, पोरगा गोल खाऊन आला. तसं नाहीये.

आई आणि मी स्टेडियमजवळच्या हॉस्पिटलात आहोत. कपाटातला त्याचा जुना निळा स्वेटर आणा, आईने मागितलाय, मला घाईत सापडला नाही. तुमची बीपीची गोळी आधी घ्या. स्कूटर काढू नका, टॅक्सीने या. आणि फोन सुरू करा.

तुमचा नियम मी मोडला नाही, बाबा. निकाल लागलाच नाही. मॅच अर्ध्यावर थांबवली.

— मोठी