घर क्रमांक चौदामध्ये सेनापती कधीही राहिले नव्हते

प्रति,
मा. संचालक,
शहर इतिहास व पर्यटक माहिती विभाग,
मुख्य इमारत, दुसरा मजला (लिफ्ट बंद असते त्या बाजूने).

विषय : पर्यटक पुस्तिकेतील पान बावीसवरचा मजकूर मी मनाने रचलेला असल्याने त्याच्या आधारे माझ्या बहिणीचे घर ताब्यात न घेण्याबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. ३ जून. २) आपली तीन उत्तरे, ज्यांत उत्तर नाही.

महोदय,

१. मी, खाली सही करणार, या शहराच्या छापखान्यात एकतीस वर्षे कंपोझिटर होतो. म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवत होतो. आपण तेव्हा शाळेत असाल. आपली पत्रे वाचून वाटते, की फारसे नियमित जात नसाल.

२. आपला विभाग या शहराचा इतिहास, पाहण्याची ठिकाणे, बसच्या वेळा आणि दवाखान्यांचे पत्ते असलेली जी पुस्तिका पर्यटकांना वाटतो, तिची पहिली आवृत्ती मी जुळवली. पान बावीसवर नऊ ओळींची जागा उरली. छापखान्याचा दंडक असा, की पान अर्धवट पांढरे सोडायचे नाही. मी आपल्या विभागाला फोन केला. तेव्हाचे साहेब म्हणाले, अहो, टाका काहीतरी, वाचतंय कोण. मी टाकले. उभ्या उभ्या, समोर कागद न घेता, थेट खिळ्यांत जुळवले : शहराला वेढा पडला होता तेव्हा सेनापतींनी जिन्याच्या गल्लीतील घर क्रमांक चौदा येथे तीन दिवस मुक्काम केला, जिन्याखालच्या खोलीत ते विश्रांती घेत, घर पाहण्यास खुले, वेळ दहा ते चार, सोमवारी बंद, दार वाजवावे. बरोबर नऊ ओळी झाल्या. घर क्रमांक चौदा माझ्या थोरल्या बहिणीचे. जिन्याखालच्या खोलीत तेव्हा दोन बादल्या आणि चाक निखळलेली बाबागाडी असे.

३. यापुढचे पाप माझे नाही, आपल्या विभागाचे आहे. दुसऱ्या आवृत्तीत तीन दिवसांचे पाच झाले. चौथीत सेनापती जखमी झाले आणि खोलीतल्या फरशीवर त्यांच्या रक्ताचा डाग आला. महोदय, तो डाग तांबड्या पॉलिशचा आहे. माझे मेहुणे सुतार होते. खुर्चीला पॉलिश करताना त्यांच्या हातून डबा कलंडला, आणि ताईने त्यांना त्यावरून आठवडाभर बोलून घेतले, हे मी समोर बसून ऐकलेले आहे. सातव्या आवृत्तीत आपण त्याच घरात “स्वच्छतागृहाची सोय” छापलीत. तेव्हापासून परगावचे लोक इतिहास विचारायच्या आधी संडास कुठे आहे ते विचारतात. राईचा पर्वत करणारे पुष्कळ पाहिले, पण पर्वतावर संडास बांधणारे आपणच.

४. आणि आता नोटीस! घर “संवर्धनासाठी” साठ दिवसांत रिकामे करावे. स्वयंपाकघर सेनापतींच्या काळातले नसल्याने पाडण्यात येईल. घरमालकिणीस शहराबाहेरच्या नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर एक खोली देण्यात येईल. माझी बहीण अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. बावन्न वर्षे ती त्या स्वयंपाकघरात वावरली. डोळे मिटून तिला काडेपेटी सापडते. सातव्या मजल्यावर तिला काय सापडणार आहे? माझ्या बहिणीने आपले काय घोडे मारले आहे, ते एकदा लेखी कळवावे.

५. मी खिडकी क्रमांक तीनवर येऊन सांगितले, की हे मी रचले आहे. तिथला कारकून म्हणाला, आजोबा, सेनापती राहिले नाहीत याचा पुरावा आणा. न राहिल्याचा पुरावा कसला असतो? सेनापती जाताना चिठ्ठी ठेवून गेले नाहीत, की मी इथे आलोच नव्हतो. त्याने कपाटातून तीन जाडजूड ग्रंथ काढले आणि माझ्यापुढे आपटले. तिन्हींत मुक्कामाचा उल्लेख आहे, खाली बारीक अक्षरांत आधारही दिला आहे, आणि तो आधार म्हणजे पान बावीस. त्यांतले दोन ग्रंथ मीच जुळवले होते. तेव्हा मी गप्प बसलो, हा माझा गुन्हा. पण नोकरी करणाऱ्याने ग्रंथकाराला खोटे पाडायचे नसते, हे आपण नोकरीतच असल्याने जाणता.

६. पहिल्या अर्जावर आपले उत्तर : अर्जदार इतिहासतज्ज्ञ नसल्याने अर्ज अग्राह्य. रचायला चाललो, नाकारायला चालत नाही! दुसऱ्या अर्जासोबत मी बांधकामाचा दाखला जोडला. घर वेढ्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी बांधलेले आहे. यावर आपण लिहिता, की सेनापतींचा मुक्काम सिद्ध असल्याने घराचे वय नव्याने ठरवण्यात येईल. हे वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. तेच लिहिलेले होते.

७. तिसऱ्या उत्तरात तर आपण कमाल केलीत. शासकीय पुस्तिकेत खोटा मजकूर घुसडल्याबद्दल माझ्यावर कारवाई का करू नये, असे पहिल्या परिच्छेदात विचारता; आणि दुसऱ्या परिच्छेदात सदर मजकूर खरा असल्याने नोटीस कायम, असे कळवता. म्हणजे मी खोटे लिहिले म्हणून मी गुन्हेगार, आणि मी लिहिले ते खरे म्हणून ताई बेघर. दोन्ही परिच्छेदांखाली सही एकच आहे, आपली. सही करण्यापूर्वी पत्र वाचण्याची पद्धत आपल्याकडे नसेल तर ती सुरू करावी, ही सूचना फुकट देतो. कारवाई खुशाल करा. मी जामीनही मागणार नाही. पण आधी घर सोडा.

८. उत्तराच्या शेवटी नियम दाखवलात, की हरकत घरमालकाची सही असल्याशिवाय विचारात घेतली जाणार नाही, आणि घरमालकाने हरकत “वाचून व समजून” सही केलेली असावी. हा नियम करणाऱ्याचे भले होवो. कारण महोदय, हे मी रचले आहे, हे ताईला माहीत नव्हते.

तिला ते खरे वाटत होते. आपल्या निरीक्षकाने तिचा जबाब घेतला आहे, माझ्या सासूबाई सेनापतींची गोष्ट सांगायच्या, असा. तो खोटेपणा नव्हे. तिच्या सासूबाई लग्नाआधीच वारल्या होत्या, पण इतकी वर्षे सांगता सांगता ती गोष्ट कुणीतरी आपल्याला सांगितलेली असणार, असे तिला वाटू लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला ती ठसक्यात सांगायची, अहो, माझा भाऊ छापखान्यात आहे, तो खोटं छापू देईल का? मी कोपऱ्यात बसून चहा पीत असे.

९. नऊ ओळी बसच्या वेळांनीही भरल्या असत्या. बसच्या वेळा माझ्यासमोर टेबलावर पडल्या होत्या. आपण विचारले नाहीत, कारण आपल्याला काही विचारायची सवयच नाही, तरी सांगतो. त्या वर्षी मेहुणे गेले. ताई चार महिने कुणाशी बोलली नाही. मी रविवारी जायचो, ती जेवायला वाढायची आणि भिंतीकडे बघत बसायची. त्या घराचे दार कुणीतरी वाजवावे, एवढेच माझ्या मनात होते. पुस्तिका निघाल्यावर पंधरा दिवसांत दोन अनोळखी बायका आल्या, आणि ताईने त्यांना तासभर सोडले नाही. मी चुकलो असेन. पण या शहराच्या इतिहासात आपल्या विभागाच्या हातून एका माणसाचे भले झालेले हे एकच उदाहरण मला माहीत आहे, आणि तेही मी केलेले आहे.

१०. गेल्या गुरुवारी दुपारी मी हा अर्ज, कलम एकपासून नऊपर्यंत, ताईला वाचून दाखवला. मध्येच थांबवून तिने विचारले, सासूबाईंचंही? मी म्हणालो, तेही. बाकीचे तिने पूर्ण ऐकून घेतले, पेन मागितले आणि आपण म्हणता तिथे, आपण म्हणता तशी सही केली. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाली, घर राहील रे माझं, पण आता येणाऱ्याला मी काय सांगू? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने मला चहा न विचारता दारापर्यंत सोडले. रविवारी मी गेलो. ती आत होती, भांड्यांचा आवाज येत होता. दार उघडले नाही.

११. सबब नोटीस तात्काळ रद्द करावी. आता आपल्याकडे सही आहे, पुरावा आहे आणि गुन्हेगारही आहे. यापुढे हात झटकायला जागा उरलेली नाही.

नम्र असे लिहिण्याचा प्रघात आहे म्हणून,
आपला नम्र,
(सही)
निवृत्त कंपोझिटर, शहर छापखाना
दि. २१ जुलै

सोबत :
१) पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीतील पान बावीस.
२) बांधकामाचा दाखला, दुसऱ्यांदा. पहिला आपण हरवलात.
३) घरमालकिणीची सही, वाचून व समजून.

ता. क. : निर्णय थेट ताईच्या पत्त्यावर पाठवावा आणि मोठ्या ठळक अक्षरांत छापावा. तिला बारीक अक्षर दिसत नाही. आजवर तिची सगळी पत्रे मी वाचून दाखवत होतो. आता मी वाचलेले तिला खरे वाटणार नाही.