पाटीखालचं पाऊल

मंगळवार, दिवेलागण

बिबट्याचं पाऊल आज आमच्याच अंगणात उमटलंय, नळाजवळच्या ओल्या मातीत. वनखात्याच्या माणसाला दाखवायला त्यावर पाटी उपडी घातलीय, पण मीच सारखी उचलून बघतेय.

पलीकडच्या बांधावर पिंजरा आहे, आत शेळी आहे. तिकडं तो फिरकला नाही. सासूबाई म्हणाल्या, "त्याचा काय नेम न्हाई बाई." मला पटेना. नेम असेलही, मला दिसत नसेल. की मीच उगाच शोधतेय?

शेजारचा ऊस परवा तोडून नेला. वर्षभर बिबट्याचा आडोसा होता तो, एका दिवसात गेला. ह्यांना विचारलं, आपल्या उसाला तोडणी कधी? म्हणाले, "कारखान्याचा काय नेम न्हाई."

म्हणजे बिबट्याच्या लेखी बेभरवशाचे आम्हीच की काय? काही कळेना. पुन्हा पाटी उचलली. बोटं घराकडं वळलेली, परतीचं पाऊल कुठंच नाही.

पोरीनं विचारलं, "आई, उद्या शाळेत कुठल्या वाटेनं जायचं?" दोन्ही वाटांना ऊसच. "कालच्याच. मी येते सोडायला," म्हटलं.

दुसरी वाट सांगितली असती, तरी इतक्याच खात्रीनं सांगितली असती.