पत्रिकेची फाईल आणि आबांचं नाव

११ नोव्हेंबर १९९९, गुरुवार.
छायाच्या लग्नाची तारीख पक्की. १२ डिसेंबर. पत्रिका धुळ्याला छापायच्या, कारण माझ्या बायकोचा, मंजुळाचा, भाऊ भटू याचा तिथे प्रेस आहे आणि मुलीचा मामा म्हणून तो पत्रिका फुकट देणार. देऊ दे. मजकूर मात्र मी करणार, माझ्या कॉम्प्युटरवर. भटूच्या हातात मजकूर म्हणजे माकडाच्या हातात कोलीत.

फोनवर भटू म्हणाला, दाजी, फ्लापी यस्टीमा कंडक्टरजोडे दी द्या, दुपारले मन्हा हातमा. मी सांगितलं, शतक संपायला आलं, फाईल इंटरनेटने येईल. अमेरिकेतली एक कंपनी फाईली ठेवायला फुकट जागा देते. मी जळगावात ठेवायची, त्याने धुळ्यात उघडायची; उघडायला नुसता पत्ता पुरतो, बदलायला मात्र माझा पासवर्ड. मग म्हणाला, आनी कंडक्टर काय पैसा लेस का?
या माणसाशी वाद घालायचा नाही, असा निश्चय केला.

दुसरा निश्चय. पत्रिकेत आबांचं नाव येणार नाही. आबा म्हणजे माझे सख्खे थोरले बंधू रुपचंद, मुक्काम पहूर. त्र्याण्णव साली त्यांच्या मुलाच्या लग्नात माझं नाव पत्रिकेत सर्वांत खाली छापलं. कोणाच्या चुलत्याच्या साडूच्याही खाली. सख्खा भाऊ मी. आणि नाव मी स्वतः लिहून भटूच्याच प्रेसला पाठवलं होतं, 'यातील एकही अक्षर गाळू नये' अशी सूचना देऊन. तेव्हापासून पहूरला पाय ठेवलेला नाही.

१२ नोव्हेंबर.
घराच्या पुढच्या खोलीतल्या माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या भिंतीवर नवा बोर्ड लावला. 'इंटरनेटवर फुकट फाईल ठेवणे व देणे: नवशिक्यांसाठी सूचना.' सगळं स्वतः शिकून लिहिलंय. कुठल्या क्लासला गेलो नाही, कोणाला विचारलं नाही. फुकट देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. अनोळखी फाईल उघडू नये, व्हायरस असतो. आपल्याकडे एक प्रत ठेवावी. आणि पासवर्ड कोणाला सांगू नये, तो नाव व अंक मिळून करावा, उदाहरणार्थ chudaman47.
खोटं उदाहरण दिलेलं मला चालत नाही. शिक्षकाने जे स्वतः वापरलं तेच शिकवावं.

१४ नोव्हेंबर, रविवार.
प्रकाशचंदच्या सायबर कॅफेत गेलो. त्याचे वडील हस्तीमल शेठ कापड विकायचे, हा आता तासावर इंटरनेट विकतो. मापाची सवय जुनीच. घड्याळ त्याच्या बाजूला तोंड करून ठेवलंय. तीनदा लाइन तुटली. चौथ्यांदा फाईल चढली. प्रकाशचंद म्हणाला, काका, एवढ्या वेळात तुम्ही धुळ्याला जाऊन जेवून आला असता. हसला. मी हसलो नाही.

संध्याकाळी भटूचा फोन. फाईल उघडली, पण दाजी, ह्या तं मुंग्या शेतस बठ्ठ्या. अक्षरांच्या जागी सगळ्या मुंग्याच दिसतात म्हणे. त्याच्याकडे माझा मराठी फॉन्ट नाही. अक्षरं कशी दिसणार? उद्या फॉन्टही चढवतो. दोष त्याच्या मशीनचा.

१६ नोव्हेंबर.
मंजुळाने आज तोंड उघडलं. थोरल्या भावाचं नाव नसलेली पत्रिका लोकांच्या दारात घेऊन जायची मला लाज वाटेल, म्हणाली. मुलीला पहिली सायकल कोणी घेऊन दिली? आबांनी. आबा मांडवात नसतील तर पोरगी बोहल्यावर चढायची नाही. मी म्हटलं, सायकल जुनी होती. यावर ती जी उठली ती उठलीच. जेवण छायाने वाढलं.

छाया समजूतदार आहे. जेवणानंतर पुढच्या खोलीत जाऊन बोर्ड वाचत उभी राहिली. एकच शंका विचारली, पप्पा, पासवर्डमधली अक्षरं लहान काढायची की मोठी? सांगितलं, सगळी लहान. लग्नाच्या गडबडीतही शिकायची आवड आहे. माझ्यावर गेली आहे.

१८ नोव्हेंबर.
कॅफेत फाईल तपासली. निमंत्रकांच्या यादीत सर्वांत वर 'श्री. रुपचंद धोंडू पाटील, पहूर'.
मी टाईप केलेलं नाही.
नाव काढलं. फाईल पुन्हा चढवली. फ्लॉपीवरच्या व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रॅमने घरचा कॉम्प्युटर तपासला. एकही व्हायरस निघाला नाही, म्हणजे व्हायरस नवीन जातीचा आहे. मशीनमध्ये कुठेतरी आबांचं नाव जुन्या फाईलीत पडलेलं असणार, तिथून तो उचलतो आणि यादीत टाकतो. वर टाकतो, म्हणजे वयाप्रमाणे लावतो. अभ्यास करण्यासारखी गोष्ट आहे.

१९ नोव्हेंबर.
पुन्हा आबा. पुन्हा काढले.
प्रकाशचंदवर संशय. विचारलं, तुझ्या कॅफेत माझ्या फाईलीला कोण हात लावतं? म्हणाला, काका, आमच्या दुकानात साडीसुद्धा गिऱ्हाईक स्वतः उलगडून बघायचं, आम्ही हात लावत नव्हतो. मग म्हणाला, पासवर्ड बदलून बघा ना. मला शिकवतो. माझ्या भिंतीवर आधीपासून लिहिलंय ते.

२१ नोव्हेंबर, रविवार.
पासवर्ड बदलला. नवीन पासवर्ड कोणालाही सांगितलेला नाही, मंजुळालासुद्धा नाही. chudaman1947.
घरी आल्यावर बोर्डावरचं उदाहरणही बदललं. विद्यार्थ्यांना जुनी माहिती देणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

२३ नोव्हेंबर.
आबा आहेतच. आता त्यांच्या शेजारी 'सौ. भिकुबाई' पण. माझी वहिनी. व्हायरसला वहिनीचं नाव कुठून कळलं?
अमेरिकेला इंग्रजीत तक्रार पाठवली. दोन पानं. शेवटी लिहिलं की मी स्वतः टायपिंग इन्स्टिट्यूटचा संचालक आहे, मला फसवू नये. मिनिटभरात उत्तर. 'आपल्या सूचनेबद्दल आभार.' दोन पानं एका मिनिटात वाचणारा माणूस जगात नाही.

घरी मंजुळा गाणं गुणगुणत होती. तिचं आणि माझं बोलणं अजून बंद आहे, तरी गाणं. या घरात माझ्या अडचणीचं कोणाला काही नाही.

२५ नोव्हेंबर.
आज सोक्षमोक्ष. अकरा वाजता दोन्ही नावं काढली, फाईल चढवली, कॅफेतूनच भटूला एसटीडी लावला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता उतरवून घे आणि छापायला लाव. म्हणाला, लाइट नही शे दाजी, दुपारनं लाइट उनं की लेस. म्हणजे वीज येईपर्यंत फाईल तशीच पडून. या धुळ्याचं काही होणार नाही.
छायाला विचारलं होतं, येतेस का कॅफेत, बघ बाप कसा लढतो. म्हणाली, दुपारी मैत्रिणीकडे जायचंय.

चार वाजता भटूचा फोन. फाईल मिळाली, मशीनवर चढवली. मी विचारलं, नावं नीट आहेत ना? म्हणाला, एकदम नीट शेतस, एक बी कमी नही. बरं वाटलं. फाईल आता अमेरिकेत सुरक्षित आहे, म्हणून जागा मोकळी करायला घरच्या कॉम्प्युटरवरची काढून टाकली.
पंधरा दिवसांत पहिल्यांदा झोप लागेल.

२९ नोव्हेंबर, सोमवार.
पत्रिकांचं पार्सल आलं. एसटीने.
निमंत्रकांत पहिलं नाव आबांचं. दुसरं वहिनीचं. मग माझं.
तडक कॅफेत गेलो. माझी मूळ फाईल पुरावा म्हणून काढायची, प्रत काढून भटूच्या तोंडावर मारायची. साईट उघडली. एकच ओळ होती. फुकट सेवा बंद केली आहे, सहकार्याबद्दल आभार. प्रकाशचंदने पाणी आणून दिलं आणि या वेळचे पैसे घेतले नाहीत. त्याचा मला जास्त राग आला.

परत आलो तर मंजुळा आणि छाया पत्रिकांना हळदीकुंकू लावून त्या वाटायला निघालेल्या. म्हटलं, थांबा, सगळ्या रद्द. दुसऱ्या छापू. मंजुळा तेरा दिवसांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, पहिली भटूने प्रेसमधल्या गणपतीला ठेवली, दुसरी कालच पहूरला पोचवली. आता कोणाकोणाच्या हातातून ओढून आणताय ते आणा.
छायाने माझ्याकडे बघितलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

१ डिसेंबर.
कोणाशी बोलायचं नाही, असा निश्चय. लग्नात मी कोपऱ्यात बसणार. जेवणार नाही. विचारलं तर पित्त झालंय असं सांगणार.

२ डिसेंबर, गुरुवार.
सकाळी इंग्रजी टायपिंगची बॅच चालू होती. दारात आबा. धोतर, टोपी, हातात पत्रिका. सगळ्या मशीनी एकदम थांबल्या. मी ओरडलो, चालू ठेवा. पुन्हा टकटक सुरू.
आबा बाकावर बसले. थकलेत. सहा वर्षांत मान बारीक झालीय. टकटकीत आवाज चढवून म्हणाले, तुनं नाव टाकलं पत्रिकेत, पाह्यलं. म्हनून आलो. वर टाकलं. मले वाटलं व्हतं, टाकत नाही तू.
व्हायरसने टाकलं म्हणू?
चहा मागवला. आबा म्हणाले, लग्नाच्या गव्हाची काळजी करू नको, पोतं गाडीत आहे. छाया आतून आली, पाया पडली. आबा तिला म्हणाले, सायकल अजून आहे का वो माय? ती रडायला लागली. विद्यार्थी बघत होते. मी पुन्हा ओरडलो, चालू ठेवा.

३ डिसेंबर.
भटू मांडवाचं बघायला आला. त्याला धरलं. म्हटलं, मी नाव काढलं होतं. फाईल दुपारी कोणी बदलली, खरं सांग. म्हणाला, दाजी, मन्हाकडे जी उनी ती मी छापी. कागदवर काय शे ते मी पाहस, कोन्ही लिखं ते नही पाहस.
मी म्हटलं, असंच असेल तर त्र्याण्णव साली माझं नाव खाली कसं गेलं? आबांनीच सांगितलं असणार.
भटूने सुपारी कातरता कातरता सांगितलं. आबांची यादी आली त्यात तुमचं नाव वरच होतं. पण तुम्ही चिठ्ठी पाठवली, एकही अक्षर गाळू नये. नावामागे संस्थापक-संचालक, इन्स्टिट्यूटचं नाव, गाव, मराठी इंग्रजी स्पीड, सगळं. येक लाइनमा मावेना दाजी. वर दोनच लाइनची जागा. म्हनीसन मी खाले उतारं. आबासले इचारं बी नही.
मग म्हणाला, आवंदा मी तुमचं पाटीलपर्यंतच ठेवलं, बाकी कापी टाकं. चालस ना?

४ डिसेंबर.
पत्रिका नीट वाचली. आबांच्या आणि वहिनीच्या खाली 'श्री. चुडामण धोंडू पाटील'. मागे काही नाही. एका ओळीत बसलंय.

बोर्ड भिंतीवरून उतरवला. लग्नासाठी पुढच्या खोलीला चुना लावायचा आहे. दुसरं कारण नाही.