डोकं चेपायचं यंत्र

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. तू फोन उचलत नाहीस, निरोपांना उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलोय. अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे, सांभाळून घे.

मी बरा आहे. लाँड्रीची गाडी चालवतोय. दोन नवी हॉटेलं लागलीत, त्यामुळे सकाळी मळक्या चादरी उचलायच्या आणि दुपारी धुतलेल्या पोचवायच्या, यात दिवस कुठे जातो कळत नाही. अंगाला साबणाचा वास इतका चिकटलाय, की घरी येऊन आंघोळ केली काय न केली काय, सारखंच. थंडी अजून हटत नाही. स्वयंपाक मीच करतो. बाबा एक शब्द न बोलता खातात, त्यावरून माझ्या स्वयंपाकाचा अंदाज कर.

बाबा ठीक आहेत. म्हणजे मागच्या आठवड्यात जरा पडले. स्टुलावर चढून वरचं काहीतरी काढत होते, तोल गेला. डोक्याला टाके पडलेत. दोन्ही कानांच्या वर, मागे आणि कपाळाच्या कडेला थोडे थोडे. जखमा वरवरच्या आहेत, भरतील, असं डॉक्टर म्हणाले. खालची शिवणमावशी दुपारची त्यांच्याजवळ येऊन बसते, तिचं शिलाईकाम तिथेच घेऊन येते.

दुकान बंदच आहे. लोक बिघडलेल्या शिलाई मशिनी घेऊन येतात, कुलूप बघतात आणि परत नेतात. मावशीनं तर आपल्या धडधाकट मशीनचा पट्टा मुद्दाम ढिला करून आणला होता, निदान त्या निमित्तानं बाबा हात चालवतील म्हणून. बाबांनी मशीनवर हात ठेवला, थोडा वेळ ठेवूनच बसले, आणि म्हणाले, "दुसरीकडे दाखव."

आई गेली त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात तू बाबांना जे बोललीस, त्याबद्दल मी तुला काही म्हणत नाही. आई तुझीही होती. पण एकदा येऊन जा. बोलू नकोस हवं तर. नुसती येऊन बस.

तुझा,
धाकटा


२७ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "स्टुलावरून पडलेल्या माणसाला डोक्याभोवती गोल जखमा होतात का रे? खरं लिही."

नर्सला थाप मारायला गेलो, चांगली अद्दल घडली. आता खरं लिहितो. ड्यूटी संपल्यावर वाच, मध्येच वाचू नकोस.

बाबा पडले नाहीत. ते त्या यंत्रात बसले होते.

तू ते यंत्र एकदाच पाहिलंस आणि पाहिल्या पाहिल्या भांडलीस, त्यामुळे ते कसं झालं हे तुला कुणी कधी सांगितलंच नाही. तू नोकरीला गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी आईचं डोकं दुखायला लागलं. आधी कधीतरी, मग रोज. बाबा रात्रीचे तिचं डोकं चेपून द्यायचे, पण दिवसभर पाने-पेचकस धरून त्यांची बोटं आखडलेली असायची. आई म्हणायची, "पुरे, तुमचेच हात दुखायला लागतील." तेव्हा त्यांच्या डोक्यात ते शिरलं. अॅल्युमिनियमची पट्टी वाकवून कडं केलं. मागे एक चाकी लावली, तिच्यानं कडं लहान-मोठं व्हायचं. कड्याला आतून छत्रीच्या काड्यांची बोटं, प्रत्येक बोटाला दाब कमी-जास्त करायचा आपला आपला स्क्रू. बोटांच्या टोकांना रबर, बॉबिन भरायच्या चकतीचं असतं ना, ते. आणि हे सगळं हलवायला जुन्या शिलाई मशीनचं हातचाक. चाक फिरवलं की सगळी बोटं एकदम पुढे-मागे, पुढे-मागे. माप घ्यायला आधी माझं डोकं वापरलं. मला इतक्या गुदगुल्या झाल्या की मी स्टुलावरून उठून पळालो. आई त्याला टोपलं म्हणायची. "आणा तुमचं टोपलं," म्हणत खिडकीपाशी स्टुलावर बसायची.

ताई, मी ते रोज पाहिलंय. बाबा मागे उभे राहून चाकी धरायचे. "आवळू का?" "जराशी." "आता?" "हां, तिथंच. फिरवा." मग दोघंही गप्प. बाबा एका लयीत चाक फिरवत राहायचे आणि आई डोळे मिटून बसायची. आपल्या घरात इतकी शांतता दुसऱ्या कुठल्या वेळी नसायची.

म्हणून तू आलीस आणि म्हणालीस, "आधी तिच्या डोक्याचा फोटो काढा, हे खेळणं बाजूला ठेवा," तेव्हा बाबांना ते झोंबलं. ते जे बोलले ते बोलायला नको होतं. पण तुला जास्त कशाचं लागलं ते मला माहीत आहे. आईच म्हणाली, "मला ह्यानंच बरं वाटतंय, तू तुझं बघ." तू बॅग उचललीस आणि गेलीस. त्यानंतर तू आलीस ती आई बेशुद्ध झाल्यावर, आणि तोवर सगळं आटोपलंच होतं.

आता त्या दिवसाचं सांगतो.

हॉटेलची लिफ्ट बंद पडली होती, चादरी खाली यायला वेळ होता, म्हणून मी दुपारीच घरी आलो. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. मला बरं वाटलं, म्हटलं बाबांनी दुकान उघडलं. वाकून आत गेलो. बाबा आईच्या स्टुलावर बसले होते. यंत्र डोक्यावर होतं आणि हात मागे नेऊन ते चाकी आवळत होते. रबरं त्यांनी काढून ठेवली होती, ताई. बाजूला डबीत नीट ठेवलेली होती, एकही इकडेतिकडे पडलेलं नव्हतं. काड्यांची उघडी टोकं आत घुसत होती आणि रक्त कानांवरून कॉलरपर्यंत आलं होतं.

मी ओरडलो. ते दचकले नाहीत. म्हणाले, "थांब, बघतोय. तिला काय होत असेल ते बघतोय."

मी हात धरला तर म्हणाले, "अजून दोन आटे आहेत."

ती चाकी सोडवायला गेलो आणि घाईत ती आधी उलटीच फिरवली. ते ओरडले नाहीत, पण त्यांचे डोळे कसे झाले ते मी लिहू शकत नाही. दवाखान्यात मी स्टुलाची गोष्ट सांगितली. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि पुढचा टाका घातला.

तू जिन्यात म्हणालीस, "तिच्या डोक्यात गाठ होती आणि तुम्ही तिच्यावर चाक फिरवत बसलात." तुला दोष द्यायला लिहीत नाही. पण त्या दिवसापासून ते ह्याच वाक्यात राहत होते.

बाबांना झोप लागल्यावर मी शिवणमावशीला खरं काय ते सांगितलं. ती हातातली कात्री ठेवून रडायला लागली. मला वाटलं बाबांसाठी रडतेय. ती म्हणाली, "तिनं मला शपथ घातली होती रे. पण आता गप्प बसले तर मी माणूस नव्हे."

आईला माहीत होतं, ताई.

मावशीकडची काजं करताना तिला एका सुईच्या दोन सुया दिसायला लागल्या होत्या. मग दोघी कापड आणायला जातो म्हणून घरातून निघाल्या आणि थेट मोठ्या हॉस्पिटलात गेल्या. फोटो काढला. तू भांडून गेलीस त्याच्या आधीची ही गोष्ट. डॉक्टरांनी सांगितलं, गाठ अशा जागी आहे की ऑपरेशन केलं तर वाचा जाईल, कदाचित ओळखही जाईल, आणि तरी फार तर थोडे महिने वाढतील. आईनं एवढंच विचारलं, "आणि काही केलं नाही तर बोलता येईल ना?" मग बाहेर येऊन पायरीवर बसली, मावशीला म्हणाली, "चल, कापड घ्यायचंय. रिकाम्या हातानं गेलो तर विचारतील." बाबांचा तो निळा सदरा त्याच कापडाचा.

मावशीनं तिला म्हटलं होतं, पोरीला तरी सांग, नर्स आहे. आई म्हणाली, "म्हणूनच नको. तिला कळलं तर ती नोकरी सोडून येईल आणि मला पलंगावरून उठू देणार नाही. तिला माझा राग आला तर येऊ दे. राग घेऊन माणूस कामावर तरी जातं."

हे वाचून तुझं काय होईल, या विचारानं आज तिसऱ्यांदा लिहितोय. पण तुझ्यापासून लपवायचा मला हक्क नाही. तिनं त्या दिवशी तुझ्याऐवजी यंत्र निवडलं नव्हतं. ती तुला घालवून देत होती.

अजून एक आहे. ते सगळ्यात शेवटी सांगावं असं वाटत होतं, पण इथेच सांगायला हवं. मावशीनं विचारलं होतं की त्या टोपल्यानं खरंच काही होतं का. आई म्हणाली, "आधी व्हायचं. आता रबर टेकलं तरी डोळ्यांपुढं अंधारी येते." मावशी चिडली, "मग सांग की त्यांना!" तर म्हणाली, "सांगून काय करू? मग ते रिकामे हात घेऊन माझ्याकडे बघत बसतील. ते मला बघवायचं नाही. त्यापेक्षा फिरवू देत चाक."

रविवारी मी बाबांजवळ बसलो आणि त्यांना सांगितलं. हॉस्पिटलचं, डॉक्टरांचं, सदऱ्याचं, सगळं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणालो, "बाबा, तुमच्यामुळे काही झालं नाही. तिला कळलेलं होतं, आणि तिचं तिनं ठरवलं होतं."

त्यांनी तसंच भिंतीकडे बघत विचारलं, "कधी गेल्या होत्या?"

"उन्हाळ्यात."

"त्यानंतर तर तिनं मला डावी बाजू सैल आहे म्हणून सांगितलं होतं. मी दोन दिवस खपून नवीन स्क्रू बसवले." ते उठून बसले. पट्टीखालचे डोळे माझ्यावर रोखले. "मग आराम पडतो म्हणायची, ते?"

ताई, मी रस्त्यावर गाडी चालवणारा माणूस. क्षणात ब्रेक दाबायचा की वळायचं ते मला जमतं. मी म्हणालो, "पडायचा. मावशीला तिनं स्वतः सांगितलं, ह्यांनी चाक फिरवलं की तेवढा वेळ दुखायचं थांबतं."

"तिनं सांगितलं?"

"मावशीला विचारा."

त्यांनी विचारलंच. पण मी आधी जिना उतरून मावशीला गाठलं होतं. तिनं सुईत दोरा ओवता ओवता, त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "हो तर. म्हणायची, त्याच्याशिवाय झोपच येत नाही." बाबा मान हलवत राहिले. मग आई गेल्यापासून पहिल्यांदा रडले, मोठ्यानं, मावशीच्या दारात उभे राहून. शेजारी बाहेर आले आणि परत आत गेले.

सोमवारी त्यांनी दुकान उघडलं. यंत्र मी फेकून देणार होतो, पण त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, काड्या घासल्या, नवी रबरं चढवली. काल मावशीचं डोकं दुखत होतं म्हणून तिला बसवलं. ती बसली. तिनं "बरं वाटतंय" म्हटलं तेव्हा मी शटरबाहेर जाऊन उभा राहिलो.

आता तुला का लिहितोय ते सांगतो. तुझं कार्ड आलं हे त्यांना कळलं. ते म्हणाले, "तिला बोलाव. मला तिला एक विचारायचंय." मी म्हटलं, काय? तर म्हणाले, "अशी गाठ असताना बाहेरून दाबलं तर आराम पडू शकतो का. मावशीचं काय, ती मला वाईट वाटू देणार नाही. तूही तसलाच. पण ताई माझ्या तोंडावर खरं बोललेली आहे. ती सांगेल ते खरं."

तर ते हे विचारणार. जेवणाआधी की नंतर, माहीत नाही, पण विचारणार. तू आयुष्यात त्यांच्याशी खोटं बोललेली नाहीस, आणि मी तुला बोल असं सांगत नाही. मला तेवढं तोंड नाही. पण आईनं उन्हाळ्यापासून जे रोज स्टुलावर बसून सोसलं ते कशासाठी, हे आता तुला, मला आणि मावशीलाच माहीत आहे. काय उत्तर द्यायचं ते गाडीतच ठरवून ये. दारात उभं राहून विचार करू नकोस, ते चेहऱ्यावरून ओळखतात.

लवकर ये. तू येईपर्यंत मला झोप नाही, आणि तू येणार या विचारानंही नाही.

तुझाच,
धाकटा