लांब उडीच्या खड्ड्यातील वाळू पुन्हा बादल्यांत न भरण्याबाबत

प्रति,
मा. शालेय सुरक्षा अधिकारी,
विभागीय शिक्षण कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

विषय : शनिवारच्या निवडचाचणीआधी खड्ड्यातील वाळू काढण्याचा आदेश तात्काळ थांबवणे, तसेच माझ्यावरील "अग्निसुरक्षा साहित्याची नासधूस" या आरोपाचा खुलासा.

संदर्भ : आपली सोमवार, ता. १० ची नोटीस.

महोदय,

नोटीस मिळाली. दोनदा वाचली, कारण एकदा वाचून विश्वास बसेना. मी सार्वजनिक रुग्णालयाच्या प्लास्टर खोलीत एकोणीस वर्षे मदतनीस आहे. मोडलेल्या हाडाभोवती कापूस गुंडाळणे, पट्टी भिजवणे, प्लास्टर घालणे आणि दिवस भरले की ते कापून काढणे, हे माझे काम. माझी धाकटी मुलगी नोटिशीतल्या शाळेत नववीत आहे व लांब उडी मारते. मैत्रिणी तिला टोळ म्हणतात. येत्या शनिवारी, ता. १५ ला, याच शाळेच्या मैदानावर विभागाची निवडचाचणी आहे. म्हणून हा अर्ज घाईचा आहे. आपल्या कार्यालयाला घाईची सवय नाही हे मला ठाऊक आहे, तरी यावेळी करावी.

१. आरोप मला कबूल आहे. शुक्रवार, ता. ७ रोजी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या लाल बादल्या एकेक करून उचलल्या आणि लांब उडीच्या खड्ड्यात ओतल्या. नोटिशीत "अंदाजे चाळीस" लिहिले आहे, ते चूक आहे. छत्तीस ओतल्या. उरलेल्या चार मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत होत्या व खोलीला कुलूप होते, नाहीतर त्याही ओतल्या असत्या. शिपाईमामांनी मला अडवले होते, याची नोंद घ्यावी. "ताई, माझी नोकरी घालवाल," असे ते शेवटपर्यंत म्हणत होते. त्यांना यात गोवू नये.

२. आता ती वाळू बादल्यांत गेली कशी, ते नोटिशीत नाही, म्हणून मी सांगते. पाच महिन्यांपूर्वी शाळेची सुरक्षा तपासणी होती. यादीत लिहिले होते : बादल्या चाळीस, रंग लाल, वाळूने भरलेल्या. बादल्या होत्या. रंगही होता. आत खडूचे तुकडे, वेफर्सची पाकिटे आणि एकीत कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल होती. वाळू तेवढी नव्हती. तपासणी उद्यावर आलेली. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आले की मैदानावर एक अख्खा खड्डा वाळूने भरलेला आहे. एका दुपारीत तो उपसला. रिकामा खड्डा दिसू नये म्हणून सायकल स्टँडमागची माती दगडगोट्यांसकट त्यात लोटली, पायांनी तुडवली आणि वर उरलीसुरली वाळू भुरभुरली, तोंडाला पावडर लावावी तशी.

तपासणीला दुसऱ्या दिवशी आपण स्वतः आला होतात. बादल्या मोजल्यात. दोन बादल्यांत हात घालून पाहिलात, असे मामा कौतुकाने सांगतात. खड्ड्याच्या कडेकडेने चालत फाटकापर्यंत गेलात, पण खड्डा यादीत नव्हता. शाळेला पैकीच्या पैकी गुण मिळाले. "सुरक्षित शाळा" अशी पाटी फाटकावर लागली, आणि तिच्याखालून रिक्षात घालून मुले माझ्याकडे येऊ लागली.

३. पाच महिन्यांत अकरा मुले. चार मनगटे, तीन घोटे, दोन टाचा, एक कोपर, आणि एक मुलगी दोन्ही हातांची. एकोणीस वर्षांत मी पडलेली मुले पुष्कळ पाहिली. मुले पडणारच, धावणारे पोर गुडघे फोडून घेणारच, त्याबद्दल मी कधी कुणाकडे अर्ज केला नाही. ही मुले पडली नव्हती, महोदय. त्यांनी उडी नीट मारली होती. खाली जे असायला हवे होते ते नव्हते.

आणि इथे मला माझ्याबद्दलही लिहिले पाहिजे. यातल्या प्रत्येकाला मी पट्टी गुंडाळताना एकच सुनावले, "बघून उडी मारता येत नाही का रे?" तिसरी आली ती माझीच. उजवा घोटा. तिचे प्लास्टर मीच घातले. ती म्हणाली, "आई, खाली काहीतरी टणक होतं गं." मी म्हटले, "वाळू कधी टणक असते का? स्वतःचं चुकलं की वाळूवर ढकलायचं." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटले, पाय दुखतोय म्हणून रुसली असेल. एवढी वर्षे हाडे पाहिली आणि स्वतःच्या पोरीचे खरे बोलणे मला ऐकू आले नाही. याबद्दल मला आपल्यापेक्षा माझाच राग जास्त येतो, पण आपलाही कमी येत नाही.

अकरावे मूल म्हणजे सहावीतली मुलगी, दोन्ही मनगटे मोडलेली. तिला घास भरवायला, वेणी घालायला, नाक पुसायलासुद्धा दुसरे माणूस लागत होते. तीही तेच म्हणाली, "मावशी, खाली टणक होतं." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी मैदानावर जाऊन मी खड्ड्यात हात खुपसला. जिथे कोपरापर्यंत जायला हवा, तिथे बोटांची दोन पेरे गेली आणि नख दगडावर मोडले. त्या खड्ड्यातले सात दगड या अर्जासोबत पिशवीत पाठवले आहेत. पिशवी परत करावी.

४. शाळेच्या अपघात नोंदवहीत या अकराही मुलांची नोंद आहे. कारणासाठी छापील पर्याय चार : मुलाचा निष्काळजीपणा, अयोग्य बूट, चुकीचे तंत्र, सूचनांचे उल्लंघन. जागा, जमीन, मैदान असा पर्यायच नाही. त्या वहीच्या मते आपल्या विभागात आजवर एकाही मुलाचे हाड मैदानामुळे मोडलेले नाही. टोळच्या नावापुढे "चुकीचे तंत्र" लिहिले आहे आणि खाली पालक म्हणून माझी सही आहे. प्लास्टरने माखलेल्या हाताने, न वाचता केलेली. ती सही मी या अर्जाद्वारे मागे घेत आहे.

५. "बाई, अग्निसुरक्षेपुढे मी काय बोलणार?" एवढे बोलून क्रीडाशिक्षकांनी कानावर हात ठेवले. मुख्याध्यापिकाबाईंनी पाटीकडे बोट दाखवले. आपल्याला मी दोन अर्ज केले. पहिल्याचे उत्तर आले नाही. दुसऱ्याचे आले, त्यातले वाक्य मला तोंडपाठ झाले आहे : "सदर शाळा सुरक्षित म्हणून प्रमाणित असल्याने तेथे मैदानामुळे इजा होणे संभवत नाही." महोदय, अकरा मुलांची हाडे मी या हातांनी गुंडाळली आणि आपण मला कळवता की ते संभवत नाही! त्या सहावीतल्या पोरीला हे वाक्य वाचायला द्यावे म्हटले, पण तिला कागद धरता येत नव्हता.

गुरुवार, ता. ६ रोजी हाडांच्या डॉक्टरांनी टोळला पुन्हा उडी मारायची परवानगी दिली. सहा आठवडे प्लास्टर, मग भिंतीला धरून चालणे, मग एका पायावर उभे राहणे, मग जिना, मग धावणे. पोरीने एक दिवस चुकवला नाही. परवानगी मिळाल्यावर ती दवाखान्याच्या व्हरांड्यात नाचली आणि मला मात्र घाम फुटला. म्हणून शुक्रवारी मी बादल्या उचलल्या. ओतण्याआधी खड्ड्यातली माती उपसायला चार पालक फावडी घेऊन आले होते. त्यांची नावे मी देणार नाही.

६. आता आपला आदेश. शुक्रवार, ता. १४ च्या फेरतपासणीआधी "मूळ वाळू मूळ बादल्यांत" भरायची. बाजूला नदीचे पात्र असले तरी तिथली वाळू चालणार नाही, कारण शाळेच्या मालमत्तेच्या जड वस्तू नोंदवहीत हीच वाळू चढलेली आहे. त्यासाठी काल नववी ब च्या मुलांना तासाला न बसवता चाळण्या देऊन खड्ड्यात उतरवले होते. कोणता कण कोणत्या बादलीचा हे कोण ठरवणार, ते आदेशात नाही. आणि मूळचेच काढायचे तर मूळ जागा खड्डा आहे, बादली नव्हे. आग लागली तर वाळू हवी, हे मला मान्य आहे. बादल्या भराव्यात, चाळीसच्या ऐंशी कराव्यात. फक्त मुले जिथे पाय टेकवतात तिथली वाळू उचलून नव्हे.

७. नोटिशीत शेवटी असेही आहे की मी लेखी माफी मागितली नाही तर "पाल्याच्या निवडचाचणीतील सहभागाचा फेरविचार केला जाईल". पोरीला वेठीला धरून आईला नमवायचे, हे सुरक्षा कार्यालयाचे काम आहे का? तरी ऐका. मी माफी मागते. बादल्या उलट्या करताना तीन कड्या निखळल्या, त्याबद्दल मागते. मुख्याध्यापिकाबाईंना मी "तुमच्या डोक्यातही सायकल स्टँडमागची माती आहे" असे म्हणाले, त्याबद्दलही मागते. आणखी कशाबद्दल हवी ते सांगा, सही करून देते. माझा मान गेला तरी चालेल. टोळचे नाव यादीत राहिले पाहिजे आणि खड्ड्यात वाळू राहिली पाहिजे. दोन्ही. नुसते नाव ठेवून वाळू काढलीत, तर ती तरीही उडी मारणार. ती थांबणाऱ्यातली नाही, आणि तिला थांबवायला मीही धजणार नाही.

८. तरी आदेश आज, निदान उद्यापर्यंत, रद्द करावा. चाचणीच्या सकाळी खड्डा फावड्याने खणून वाळू भुसभुशीत करावी आणि आपण स्वतः त्यात हात घालून पाहावे, जसा बादल्यांत घातला होतात. नोंदवहीत "जागा" असा पाचवा पर्याय हाताने लिहिला तरी चालेल.

हे होणार नसेल तर एक शेवटची विनंती आहे, ती मात्र नाकारू नये. हाड बसवताना डॉक्टर ओढतात, मी पट्टी धरते, आणि मुलाने झटका देऊ नये म्हणून त्याला छातीशी घट्ट धरायला तिसरे माणूस लागते. बहुतेक वेळा आई धरते. शनिवारी मला रजा मिळालेली नाही, मी कामावर आहे. त्या खोलीत माझीच मुलगी आली तर पट्टी मला धरावी लागेल, तिला धरायला कुणी नसेल. चाचणी दहाला सुरू होते, पहिले मूल साडेदहापर्यंत पोहोचते. आदेशावर ज्यांची सही आहे त्यांनी दहा वाजता प्लास्टर खोलीत हजर राहावे. मुले फार जोरात ओरडतात, तयारीने यावे.

उरल्यासुरल्या नम्रतेने,

टोळची आई
मदतनीस, प्लास्टर खोली
बुधवार, ता. १२