ढग दिसणारी गाडी

अहो,

झोप लागली होती म्हणून उठवलं नाही. जेवण झाकून ठेवलंय. मी गाडी घ्यायला चालले आहे.

चार वर्षं जुनी साधी गाडी पेट्रोल कमी पिते, दुरुस्तीही स्वस्तात होते, हे तुमचं म्हणणं पटतं. पण काल त्या नऊ वर्षांच्या टॉप मॉडेलमध्ये बसले. सीट मागे पाडली, छताच्या काचेवरचा पडदा सरकवला, तर वर नुसते ढग चालले होते. किती वेळ पडून राहिले, कळलंच नाही. मेकॅनिक म्हणाला, "ताई, ही खर्चात पाडेल." पाडू दे.

दवाखान्यात जाताना टॅक्सीत तुम्ही डोळे गच्च मिटून बसता. हिच्यात आडवं पडून आभाळ बघा.

चारला तयार राहा. आज दवाखान्याकडे वळायचंच नाही.

— मी